पेटंटवालं यंत्र आणि पुठ्ठ्याची घडी

यंत्रं बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकायची, त्या काळातली ही गोष्ट. एका कारखान्यात कागदाची रिळं कापणारं यंत्र होतं. त्याच्या पेटंटचं प्रमाणपत्र समोरच्या भिंतीवर चौकटीत टांगलेलं असे. यंत्राचा एक पाय मात्र आखूड होता, म्हणून यमाजी फिटरने त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती.

एकदा यंत्र बघायला बडे पाहुणे येणार होते. यंत्र म्हणालं, "यमाजी, तो गबाळा पुठ्ठा काढ. पेटंटच्या आराखड्यात तो कुठंच नाही."

"काढला तर वाकडं कापशील, बाबा."

"मी? पेटंट माझं आहे की तुझं?"

यमाजीने पुठ्ठा काढला. पाहुण्यांसमोर यंत्र डुगडुगलं आणि रीळ तिरकं कापलं गेलं.

"कागदच वाकडा आलाय," यंत्र ठसक्यात म्हणालं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. ते गेल्यावर यमाजीने पुठ्ठा परत सरकवला.

वर्षभराने यंत्राला दुसरं पेटंट मिळालं, 'स्वतःहून स्थिर राहणाऱ्या पायाचं'. नवी चौकट काही भिंतीवर सरळ बसेना.

"यमाजी, बघ रे जरा," यंत्र म्हणालं.

यमाजीने चौकटीमागे पुठ्ठ्याची एक छोटी घडी सरकवली.