रूट तिलाच का?

“पण रूट तिलाच का दिलंत?”

माई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

जन्मभर कंपन्यांचे सर्व्हर सांभाळून माई आता टेकडीवरच्या आश्रमात राहत आणि मुलींना तेच काम शिकवत. इरावती त्यांची सगळ्यात हुशार शिष्या. हे इरावतीनेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

“रूट म्हणजे काय गं?”

“माई, परीक्षा नको. उत्तर द्या.”

“सांग तर.”

“सर्व्हरचा मालक. बाकीचे नुसते युजर. प्रत्येक युजरला आपापलं होम, म्हणजे आपल्या फायलींची खोली. दुसऱ्याच्या खोलीत शिरायची परमिशन नाही. रूटला मात्र कुणाचीच परमिशन लागत नाही. झालं?”

“झालं.”

“मग मृण्मयी? सर्व्हर नुसता रीस्टार्ट करायचा तरी तिला घाम फुटतो! माझ्याआधी तिला?”

“तुझं काय अडलं?”

“ती माझं होम उघडून बघते.”

“पाहिलंस?”

“पाहायला कशाला हवं? रूट आहे तिच्याकडे. मी तिच्या जागी असते, तर...”



माईंनी हात पदराला पुसले. लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि रूटचा पासवर्ड सांगून टाकला. मिठाचा डबा कुठे आहे ते सांगावं, इतक्या सहज.

“...मला? खरंच?”

“भांडत होतीस ना? घे.”

इरावतीने पासवर्ड टाकला. आश्रमातल्या सगळ्या मुलींची होम ओळीने समोर आली. त्यांचे मेल, त्यांचे बॅकअप, सगळं. डिस्क भरत आल्याची सूचना वर झळकत होती. ती तिने वाचलीही नाही.

ती सरळ मृण्मयीच्या होममध्ये शिरली. शोधायची कमांड दिली आणि पुढे स्वतःचं नाव लिहिलं.

काही नाही.

मग नुसतं ‘इरा’.

काही नाही.

मग ‘शिष्ट’. तेही नाही.

“काय सापडलं?”

“अभ्यास... भावाच्या लग्नाचे फोटो... मोदकांची कृती...” तिचा आवाज बारीक झाला. “माई, माझं नावसुद्धा नाही. एकदाही नाही!”

“मग बरंच झालं की. रडतेस कशाला?”

“रडत नाहीये मी!”

माई उठल्या. तिच्या खांद्यावरून वाकून, एकेका बोटाने टाइप करत, त्यांनी इरावतीचंच होम उघडलं. शोधायची कमांड लिहिली. पुढची जागा रिकामी सोडली.

इरावतीने झटकन लॅपटॉपवर हात ठेवला.

“...माई, नको ना.”

“मी नाही बघत,” पाठ फिरवत माई म्हणाल्या. “इथे मृण्मयीचं नाव तूच शोध.”