उसनं मौन

“म्हणजे मी सभेत येऊन नुसतं बसायचं?” आचार्यांनी विचारलं.

“नुसतं बसायचं. बाकी काही नाही.”

“आणि बोलायचं नाही.”

“एक अक्षरही नाही, आचार्य.”

आचार्य तिष्य हसले.

तळ्यावर धुकं इतकं खाली उतरलं होतं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं. मधूनच एखादं कमळ दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. काठावरच्या दगडावर बसून आचार्य शिंगाडे सोलत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती. घाई होती ती रेवंताला.

रेवंत कुमुदगणाच्या अध्यक्षांचा सल्लागार. कधीकाळी याच काठावर तो आचार्यांकडे शिकला होता. त्याच्या हुशारीबद्दल गणात कुणाला शंका नव्हती. त्याला स्वतःला तर नव्हतीच.

“काम काय आहे ते तरी सांग.”

“पूर्वेच्या राजाशी करार. डोंगरापलीकडे त्याचं युद्ध चाललंय. आपण त्याला आपली तरुण पोरं द्यायची, त्याने आपली सीमा राखायची. अध्यक्षांनी शब्द दिलाय. राजाचा दूत अतिथिगृहात वाट बघत बसलाय.”

“सभेला विचारायच्या आधीच शब्द दिला?”

“सभेला विचारायची रीत आहे, आचार्य. ‘नाही’ ऐकून घ्यायची रीत नाही.”

...

गणसभेचा नियम फार जुना होता. प्रस्ताव तीनदा वाचायचा. तिन्ही वेळा सगळे गप्प राहिले, तर तो मंजूर. एकाने जरी तोंड उघडलं, तर चर्चा. आणि चर्चा रेवंताला नकोच होती.

“मग सभासदांचं काय केलंस?”

“समजूत काढली.” रेवंत खुलला. हा त्याचा आवडता विषय. “मिठागरवाल्यांना जकात माफ. दक्षिणेच्या सभासदाला नदीवर नवा घाट. काहींना अध्यक्षांच्या पंगतीत मानाचं पान मिळालं, तेवढ्यावर ते खूश. शिवाय सभा उद्या दुपारच्या जेवणानंतर ठेवलीय. निम्मे तर पेंगतच असतील.”

“मग माझं काय अडलंय?”

रेवंताचा आवाज जरा उतरला.

“शोणक.”

“अच्छा.”

“त्याला जकात नको, घाट नको, काहीच नको. त्याचा एकुलता एक मुलगा यंदाच लढायच्या वयाचा झाला. शोणक नक्की बोलेल. पण तुम्ही समोर असलात की तुमच्या आधी तो कधीच बोलत नाही. तुम्ही गप्प, तर तोही गप्प.”

आचार्यांनी एक शिंगाडा सोलून रेवंताच्या हातावर ठेवला.

“तुझा सुमेधही त्याच वयाचा ना?”

“हो.”

“मग?”

“सल्लागारांच्या घरांना करारातून सूट आहे,” रेवंत म्हणाला. हे सांगताना तो पाण्याकडे बघत होता.

...

“बरं,” आचार्य म्हणाले. “देतो तुला माझं मौन. पण उसनं. बदल्यात तुझं मला हवं.”

“माझं?”

“तुझ्या सभेत मी गप्प बसेन. माझ्या सभेत तू गप्प बस.”

रेवंताने इकडेतिकडे पाहिलं. धुकं होतं, पाणी होतं, एका पायावर उभा राहून डुलक्या घेणारा एक बगळा होता.

“इथे कुठली सभा?”

“ज्येष्ठ सभासद बसेल तिथे सभा. नियम विसरलास वाटतं. मीच शिकवला होता.”

रेवंताला हसू आलं. गेले कित्येक दिवस तो सौदेच करत होता आणि इतका स्वस्त सौदा त्याला एकदाही मिळाला नव्हता.

“कबूल,” तो म्हणाला.

आचार्यांनी हात पुसले आणि ते उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम वेगळाच लागला. सभेत प्रस्ताव वाचतात तसा.

“प्रस्ताव असा आहे. करार झाल्यास पहिल्या तुकडीत, सगळ्यांच्या पुढे, रेवंताचा मुलगा सुमेध उभा राहील.”

...

रेवंताने हसू दाबलं. म्हातारपणी आचार्यांना थट्टा सुचते आहे, असं त्याला वाटलं.

“प्रस्ताव दुसऱ्यांदा वाचतो. पहिल्या तुकडीत, सगळ्यांच्या पुढे, रेवंताचा मुलगा सुमेध उभा राहील.”

...

धुकं आता गुडघ्यांपर्यंत आलं होतं. तळ्यात रांगेने कुणीतरी उभं आहे, असा रेवंताला भास झाला. लव्हाळी असतील, असं त्याने स्वतःला समजावलं. पण लव्हाळी काही वळून बघत नाहीत. सगळ्यात पुढच्याने वळून बघितलं. सुमेध लहानपणी पोहायला शिकताना, बाबा काठावर आहे ना, याची खात्री करायला असाच बघायचा.

“प्रस्ताव तिसऱ्यांदा वाचतो.”

आचार्य एकेक शब्द सुटा करून वाचत होते. मुद्दाम हळू. एका ‘नाही’ला पुष्कळ जागा होती.

पण रेवंत बोलला असता, तर उद्या आचार्यही बोलले असते. मग शोणक, मग सगळी सभा. करार गेला असता, अध्यक्षांचा शब्द गेला असता, आणि सल्लागाराची जागाही. हे सगळं त्याच्या डोक्यातून सरकून गेलं. आयुष्यभर तो इतरांना गप्प करत आला होता. हे काम त्याच्याइतकं कुणालाच जमत नसे.

शेवटी त्याने तोंड उघडलं. स्वप्नात जिवाच्या आकांताने ओरडावं आणि घशातून आवाजच फुटू नये, तसं झालं.

...

“मंजूर,” आचार्य म्हणाले.

बगळा उडाला. आचार्य खाली बसले आणि पुन्हा शिंगाडे सोलू लागले.

ज्येष्ठाच्या सभेत मंजूर झालेलं कुणालाच मोडता येत नसे, अध्यक्षांनाही नाही. हेदेखील रेवंत याच काठावर शिकला होता. तो तिथेच ओल्या मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

“आचार्य... मी हो म्हणालो नव्हतो!”

आचार्य शिंगाडे सोलत राहिले.

“एकदाही नाही! माझ्या मनात फक्त ‘नाही’ होतं. पहिल्यापासून... नाही, नाही, नाही!”

आचार्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर करून रेवंताकडे पाहिलं. त्यांचेही डोळे भरले होते.

“मग तीनदा मी काय ऐकलं?”