विहीणबाईंच्या पसंतीचा केक

राजे उदाजीरावांच्या लेकीचं लग्न केकावर येऊन अडलं. मुंबईत एका गोऱ्या साहेबाच्या लग्नात त्यांनी मजल्यावर मजले चढवलेला केक पाहिला होता. आपल्या मांडवातही तस्साच हवा, असा त्यांनी हट्टच धरला आणि राजवाड्यासमोर केकांची जत्रा भरवली. गावोगावचे बेकरीवाले आपापले केक मांडून बसले.

निवडीचा मान अर्थातच विहीणबाईंचा, म्हणजे नवरदेवाच्या आई सगुणाबाईसाहेबांचा. आणि मुलीकडच्यांनी पुढे केलेली वस्तू नावं न ठेवता घेतली, तर वरमाईचा तोरा तो काय राहिला? एक केक त्यांनी उंच म्हणून नाकारला, शेजारचा बुटका म्हणून. तिसऱ्यासमोर तर नुसतं नाक मुरडलं आणि न चाखताच पुढे गेल्या.

राजेसाहेब तापले. "ज्यात विहीणबाईंना एकही खोड सापडणार नाही, असाच केक उद्या मांडवात येईल! आणि सापडली, तर करणाऱ्याची भट्टी कायमची विझेल!"

झालं! परगावच्या बेकरीवाल्यांनी गाशा गुंडाळला. राहिला एकटा सांतान. त्याची भट्टी राजधानीतच, घर त्या भट्टीवरच चालायचं, तो पळणार कुठे? हुकूम त्याच्या गळ्यात पडला आणि बिचारा डोक्याला हात लावून बसला.

"अगं, त्या बाई साखरेलाही कडू म्हणतील," तो लेकीला म्हणाला.

"म्हणू देत की बाबा," कार्मेलीन म्हणाली. "फक्त आज म्हणू देत, उद्या नको."

तिने मैदा, लोणी, साखर, अंडी असं सगळं सामान टोपलीत भरलं आणि थेट जानवसघर गाठलं. तिथे नवरदेवाचं अख्खं वऱ्हाड उतरलेलं होतं.

"बाईसाहेब, तुमच्यासमोरच केकचं पीठ कालवते. काही चुकत असेल तर आत्ताच बोला."

चुका काढायचं आमंत्रण! बाईसाहेबांनी लगेच पदर खोचला.

"अंडी? लग्नकार्यात? उचल आधी ती! दही आणा रे कुणीतरी."

"बरं, बाईसाहेब."

"साखर एवढीशीच? मुलीकडच्यांचा हात आखडता तो इथेच कळतो!" असं म्हणत त्यांनी स्वतःच मुठीमुठीने साखर ओतली. मग वेलदोडे घातले. मग कार्मेलीनला फेटता येत नाही म्हणून तिच्या हातातला डाव हिसकावून घेतला. मावश्या, आत्या, काकू कौतुकाने भोवती जमल्या. वरची फुलंसुद्धा बाईसाहेबांनी पिवळी ठरवली, कारण गुलाबी म्हणे त्यांच्या घराण्यात चालत नाही. कार्मेलीन आपली प्रत्येक वेळी मान डोलवत होती.

दुसऱ्या दिवशी केक मांडवात आला. बाईसाहेबांनी तुकडा तोंडात टाकला आणि सवयीने नाक वर गेलं.

"केक जरा..."

राजेसाहेब पुढे सरकले. सांतानने डोळे मिटून घेतले.

"बाईसाहेब," कार्मेलीन अदबीने, पण सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साखर तुमच्या मुठीची, वेलदोडे तुमच्या अंदाजाचे, फेटलाही तुम्हीच. काही बिघडलंय का?"

बाईसाहेबांनी एकवार मावश्या-आत्यांकडे पाहिलं. त्या सगळ्या टक लावून बसल्या होत्या.

"केक जरा... आणखी वाढ," बाईसाहेब म्हणाल्या.

मांडवात हशा पिकला. अक्षता पडल्यावर राजेसाहेबांनी कार्मेलीनला बाजूला बोलावलं. "काय गं पोरी, ती जीभ बंद केलीस तरी कशी?"

"मी कुठे बंद केली, महाराज? काल दुपारभर मनसोक्त चालू दिली. आज नाव ठेवलं असतं, तर ते त्यांच्याच हाताला ठेवलं गेलं असतं. आणि मुलाकडच्या हातचं वाईट झालं, असं कुठल्या वरमाईने कधी म्हटलंय?"

राजेसाहेब इतके हसले की पगडी कानावर आली. हातातलं सोन्याचं कडं उतरवून त्यांनी कार्मेलीनच्या हातात ठेवलं आणि सांतानला म्हणाले, "तुझ्या भट्टीचं सरपण आता जन्मभर राजवाड्यातून येईल!"