आधी नागूचा हात

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि खारकोळीची माणसं ओहोटी बघून पाहुण्यांकडे जायची, तेव्हा त्या गावात नागूबाय नावाची वैदीण होती. गाव मिठागराचं. नागूबायच्या हाताला गुण होता, असं म्हणतात. तिने नाडीवर बोट ठेवलं की ताप उंबऱ्याबाहेर पळायचा. विंचू तर तिला बघून वाट बदलायचे. हसू नका, जिवाची भीती विंचवालाही असते.

पण या वैदिणीचे स्वतःचेच तळहात बारा महिने भेगाळलेले असत. पेरांतून रक्त यायचं. गावाला कळलं तर आपल्याकडे कोण येईल, या लाजेने ती हात कायम पदराखाली ठेवायची.

एके साली तिने नवा लेप केला. मेण, राळ, खोबरेल आणि त्यात बिब्ब्याचं तेल. मिठागरातली माणसं टाचांच्या भेगांना बिब्बाच लावत. टाच भरते, मग तळहात का भरणार नाही? तिने वाटीत बोट बुडवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. बिब्बा उतून हाताला फोड आले तर बाळंतपणं कोण करील, असं तिने मनाला समजावलं. खरं तर ती घाबरली होती.

तेवढ्यात गवरी आली. ती मिठाच्या वाफ्यांत राबायची, कडेवर सहा महिन्यांचं पोर, आणि हातांना अगदी तशाच भेगा. नागूबायने लेपाची वाटी तिच्यापुढे सरकवली.

"बाय, तू लावून बघितलास का ह्यो लेप?" तिने विचारलं.

"बघितला तर! दोन दिसांत भरला माझा हात," नागूबाय म्हणाली आणि हात पदराखाली आणखी आत ओढला.

गवरीने संध्याकाळी लेप लावला आणि सकाळी तेच हात खाऱ्या पाण्यात घातले. टाचेची कातडी जाड असते, तळहाताची नसते. दुपारपर्यंत दोन्ही पंजे फोडांनी भरले. तिला फावडं धरवेना, पोर उचलवेना. बायका जमल्या, नागूबायही आली.

"माझीच चूक," गवरी सगळ्यांना म्हणाली. "बायनं सांगितलं त्याच्यापेक्षा जास्त फासलं मी."

नागूबायला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. गवरीने शिव्या दिल्या असत्या तर तिला एवढी लाज वाटली नसती. बायका पांगल्यावर तिने विचारलं, "का गं खोटं बोललीस?"

"गावात वैदीण एकच हाय. उद्या पोराला ताप आला तर तुझ्याकडंच यायचं हाय ना?" गवरी म्हणाली. "पन पुढल्या खेपेला आधी तुझा हात दाखव, बाय."

दुसऱ्या सकाळी सगळं गाव मिठागराच्या बांधावर असताना नागूबायने पदराखालून दोन्ही हात काढले आणि वर धरले. "लेप मी लावून बघितला नव्हता. खोटं बोलले, आनि गवरीनं माझं खोटं झाकलं." गर्दीतल्या म्हाताऱ्या पोशाने तोंड फिरवलं. नागूबायने गवरीचं फावडं उचललं आणि भेगाळलेल्या हातांनिशी तिच्या वाफ्यात, खाऱ्या पाण्यात उतरली.

त्या वाफ्यात तिचं रक्त ठिबकलं आणि मीठ दुधाहून पांढरं पिकलं, असं म्हणतात. रोज सकाळी मिठाच्या सायीवर दोन पंजे उमटलेले दिसत, भेगांसकट. फावड्याने मोडले तरी उद्या पुन्हा तिथेच. गवरीने बरी होऊन पोर उचललं, त्या दिवशी ते उमटायचे थांबले.

नागूबायचे हात भरले, असं मी सांगेन असं वाटलं असेल तुम्हाला. नाही भरले. पण मरेपर्यंत ती पदराखाली हात न घेता गावात फिरली, आणि लाज वाटायची ती वाटतच राहिली.

आता खाडीवर पूल आहे, गावात दवाखाना आहे. तरी खारकोळीत औषध देणाऱ्याने ते पहिल्यांदा स्वतःच्या तळहातावर लावायचं, हा रिवाज आहे. परवा शहरातून आलेल्या नव्या नर्सबाईंनी एका आजीला मलमाची नळी दिली. आजीने ती घेतलीच नाही. "आधी नागूचा हात," ती म्हणाली. नर्सबाईंनी हसत हसत आपल्या तळहातावर ठिपकाभर मलम चोळलं. मग दोघी बाकावर बसून त्या हाताकडे बघत राहिल्या.