जाखी आणि निळं पाखरू

एकदा काय झालं, घाटाखालच्या दाट रानात काळ्या माश्या आल्या. ढगच्या ढग! माशी ज्याला चावे, तो तीन दिवस तापाने फणफणायचा आणि चौथ्या दिवशी जायचा.

त्या रानात जाखी नावाची बाई होती. तिचा नवरा गेला. मग मोठा लेक गेला. मग धाकटा. राहिली तुळी, पाच वर्षांची पोर. एका सकाळी तिचंही अंग तापलं. माश्या तिच्या ओठांवर बसायच्या, डोळ्यांवर बसायच्या. चावतील तितका ताप चढायचा. जाखी एक हाकलायची, तर दहा यायच्या.

झोपडीपुढे बेहड्याचं झाड होतं, खूप उंच. वर शेंड्याशी एका निळ्या माशीमार पाखराचं घरटं होतं. चिमणीहून लहान पाखरू, बरं का! डहाळीच्या टोकावर गप्प बसायचं. माशी दिसली की भिर्रकन झेपावायचं, हवेतच टिपायचं आणि पुन्हा त्याच टोकावर येऊन बसायचं. जोडीदार सापाने गिळलेला. एकटंच पिलं वाढवत होतं.

जाखीने हात जोडले. "पाखरा, खाली ये रे. माझ्या लेकीवरच्या माश्या टीप."

पाखरू म्हणालं, "वर तीन पिलं आहेत, बाई. सारखी चोच वासतात. त्यांना कोण भरवील?"

"मी भरवीन. तुळीची शपथ."

मग पाखरू खाली आलं. तुळीच्या उशाशी काठी रोवली होती, तिच्यावर बसलं. माशी टिपायचं, मारून खाली टाकायचं. जाखी त्या माश्या पानात वेचायची.

पहिल्या दिवशी जाखी दहादा झाडावर चढली. कोळ्याच्या धाग्यांनी बांधलेलं वाटीएवढं घरटं, त्यात तीन उघड्या चोची. तिन्ही भरवल्या.

दुसऱ्या दिवशी तुळी बरळू लागली. "आये, जाऊ नको ना!" जाखी दोनदाच गेली.

तिसऱ्या दिवशी पोरीचे डोळे फिरले. जाखीने तिला मांडीवर घेतलं आणि दिवसभर जागची उठलीच नाही. पाखरू दमलं होतं, तरी टिपत होतं. त्याने एकदाच विचारलं, "पिलं जेवली का गं?"

जाखी म्हणाली, "जेवली."

खोटं बोलली ती.

चौथ्या दिवशी तुळीला घाम फुटला. डोळे उघडून म्हणाली, "आये, पेज दे." जाखीने पेज दिली आणि तशीच झाडावर धावली. दोन पिलं गार पडली होती. तिसऱ्याने कशीबशी चोच उघडली. तिने तीत माशी घातली.

तेवढ्यात पाखरू शेजारी येऊन बसलं.

"मी खोटं बोलले," जाखी म्हणाली. "काय द्यायची ती शिक्षा दे."

पाखराने एक मेलेलं पिलू घरट्याबाहेर लोटलं. मग दुसरं. मग झेप घेतली, माशी आणली आणि तिसऱ्याला भरवली.

जाखी खाली उतरली. दोन्ही पिलं पदरात घेतली आणि आपल्या लेकांशेजारी पुरली.

पुढे ते तिसरं पिलू उडालं. माश्या सरल्या. तुळी मोठी झाली, लग्न करून लेकराबाळांत रमली. सगळे सुखात राहिले, बाळांनो. जाखीही राहिली. पण पाखरू तिच्याशी पुन्हा कधी बोललं नाही.

चला, पांघरूण घ्या अंगावर. मी इथेच बसलेय. झोपा.