बिनभोकाचा ऊस

नदीच्या वळणावर एक गोड राज्य होतं. इतकं गोड, की तिथल्या मुंग्यासुद्धा एकमेकींशी भांडत नसत. राजा होता हत्ती, गजकर्ण महाराज. प्रजेचं पोट उसावर आणि उसाच्या पोटात खोडकिडा.

एकदा महाराजांनी फर्मान काढलं : उसाच्या सगळ्या वाणांची चाचणी होईल. प्रत्येक वाफ्यात किडे सोडायचे, मग ऊस उभे चिरायचे, ज्यात भोकं कमी तो वाण पास. पुढच्या हंगामात त्याचंच बेणं लावायचं. बाकीचं उपटायचं.

अनसूया सायाळीने कुशीतल्या दोन पिल्लांकडे पाहिलं. काटे अजून मऊ होते, पण दात शिवशिवत होते. पिल्लं आईचा कानही सोडत नव्हती. पुढच्या वर्षी यांना कुरतडायला ऊस हवा. तिच्या दारात माहेरून आणलेला कडक सालीचा वाण होता. किडा त्याला तोंड लावून मुकाट परतायचा. पिल्लांना निजवून तिने तो चाचणीला लावला. शेजारच्या वाफ्यात महाराजांचा लाडका वाण होता, राजमधुर.

निकालाच्या दिवशी राजमधुर चिरला. आत ऊस कमी, रस्ते जास्त. एका रस्त्यावर तर किड्यांची वरात चालली होती. अनसूयेचा ऊस चिरला. एकही भोक नाही.

चाचणीप्रमुख तरसराव हसले. तरसाला दुसरं येतं काय?

"सायाळबाई, तुमचा वाण नापास."

"का हो? भोक कुठंय?"

"तेच तर. किडा आत गेलाच नाही, म्हणजे परीक्षा झालीच नाही. न दिलेल्या परीक्षेत पास कसं करू?"

"आणि राजमधुर?"

"त्याने मनापासून दिली. एवढे किडे पोटात घेऊन उभा आहे. प्रतिकार म्हणजे आणखी काय असतं, बाई?"

मागून घोषणा उठली, "भोकाभोकांत खेळे हवा, राजमधुरच आम्हांला हवा!"

अनसूया वाद घालत बसली नाही. पिल्लं उठायची वेळ झाली होती. तरसराव तपासणीला येत ते पालखीतून, आणि चिखलात पाय घालत नसत. म्हणून तिने रस्त्याकडेला दोन ओळी राजमधुर लावला, मागे सगळा आपला ऊस. शेजारणी बेणं मागायला आल्या.

"फुकट न्या," ती म्हणाली, "फक्त तेवढा वेळ पिल्लांना घ्या. मला न्हायचंय."

त्या हंगामात ती रोज न्हाली आणि राज्यभर रस्त्याकडेला दोन-दोन ओळी राजमधुर डुलू लागला.

पीक उदंड आलं. महाराजांनी सभा भरवली. "राजमधुरच्या कृपेने," ते म्हणाले, "राज्यात आता एकही किडा उरलेला नाही." मग त्यांनी नव्या कृषिमंत्र्यांना हार घातला. हारात ते दिसेनासे झाले.

ऊस चघळणाऱ्या पिल्लाने मान उंचावली. "आई, तो तर खोडकिडा आहे."

"हळू बोल, बाळा," अनसूया म्हणाली. "ते कालपर्यंत होते. आज सकाळी महाराजांच्या पक्षात आले."