चाळीस सारखी मतं

जर्मनीत शिकून मी तालुक्याच्या कॉलेजात परतलो, तो भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सुधारायचीच, असं ठरवून. पहिल्याच दिवशी मी तासभर भाषण ठोकलं, “आकडे दिसतील तसेच लिहा, सत्याला घाबरू नका!” महिन्याभरानं पहिल्या वर्षाच्या मुलांकडून प्रॅक्टिकलविषयी निनावी मतं मागवली. चाळीसही कागदांवर एकच वाक्य होतं: ‘प्रॅक्टिकल उत्तम, सर उत्तम.’

मी भडकलो. “सरळ कॉपी केलीत! खरं मत एकाचंही नाही?”

रुबिना मुजावर जर्नल घेऊन उठली. माझी सही नसल्यानं तिची परीक्षा अडली होती.

“सर, लंबकाच्या प्रयोगात माझं उत्तर ९.२ आलं. दिसलं तसं लिहिलं, तर तुम्ही लाल पेनानं ‘चूक, पुन्हा करा’ असा शेरा मारलात. बाकीच्यांनी पुस्तकातलं ९.८ उतरवलं, त्यांना सही मिळाली. म्हणून या वेळी आम्ही सगळ्यांनीच तुम्हाला हवं ते उत्तर लिहिलं.”

वर्ग खदखदून हसला. मी तिच्या ९.२ खाली सही केली आणि कोरे कागद पुन्हा वाटले.

या वेळी प्रत्येकाचं मत वेगळं निघालं. फक्त एक वाक्य चाळीसही कागदांवर होतं: ‘पहिल्या दिवशीचं भाषण फार लांबलं.’ आणि कॉपी कुणीच केली नव्हती.